भुयारी मेट्रो उपनगरापर्यंत न्यावी का? खर्च, उपयोग आणि बेळगाव सीमाभागाचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून पुण्याला किंवा बेंगळुरूला शिकायला आणि नोकरीला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यामुळे तिथल्या मेट्रोवरचा वाद इथल्या कट्ट्यांवरही रंगतो. त्या वादात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. उदाहरण म्हणून मुख्यतः पुण्याचा स्वारगेट–कात्रज हा भुयारी टप्पा घेतला आहे.

आम्ही बेळगावचे. कात्रजच्या भुयाराशी आमचा काय संबंध?

आपली पुण्याची एसटी किंवा खासगी बस निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा करत शेवटी कात्रजलाच पुण्यात शिरते. साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेरच्या प्रवासातला सगळ्यात कंटाळवाणा तुकडा म्हणजे कात्रज ते स्वारगेट. बऱ्याच खासगी बस बायपासनेच पुढे निघून जातात आणि प्रवाशाला कात्रज चौकात किंवा नवले पुलाशी उतरवतात. पुढे बॅगा घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस. कात्रजला मेट्रो आली की हा शेवटचा तुकडा बदलेल. म्हणजे संबंध आहे, फक्त तो मतदाराचा नाही, प्रवाशाचा आहे.

या टप्प्याचा खर्च नेमका किती?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली तेव्हा लांबी ५.४६ किलोमीटर, स्थानकं तीन, खर्च सुमारे २,९५४ कोटी रुपये आणि पूर्ण करण्याची मुदत फेब्रुवारी २०२९ अशी होती. त्यानंतर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणखी दोन स्थानकांना आणि कात्रज स्थानक दक्षिणेकडे सरकवायला मान्यता दिली. त्याचे सुमारे ६८३ कोटी वेगळे. एका वर्षात खर्च जवळपास पावपट वाढला, आणि तोही भाववाढीने नव्हे, आराखडा बदलल्याने. कुठल्याही मेट्रोचा आकडा ऐकला की आधी विचारावं: हा कुठल्या तारखेचा आणि किती स्थानकांचा?

किलोमीटरमागचा दर इतका वेगळा कसा येतो?

तीन आकडे शेजारी ठेवून बघा. पिंपरी-चिंचवड ते निगडी हा सुमारे ४.४ किलोमीटरचा पुलावरचा टप्पा ९१० कोटींचा, म्हणजे किलोमीटरला साधारण २०६ कोटी. स्वारगेट–कात्रज भुयारी, मूळ मंजुरीनुसार किलोमीटरला साधारण ५४० कोटी. आणि बेंगळुरूची यलो लाइन, आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, १९.१५ किलोमीटर, संपूर्ण पुलावर, सुमारे ७,१६० कोटी. हा दर किलोमीटरला ३७४ कोटी पडतो.

शेवटच्या आकड्याशी बरेच जण अडखळतात. पुलावरची मेट्रो निगडीला दोनशे कोटींत होते, मग बेंगळुरूत पावणेचारशे का? कारण निगडी हा विस्तार आहे. गाड्यांचा डेपो, नियंत्रण कक्ष, मुख्य वीज उपकेंद्र या गोष्टी जुन्या मार्गाच्या खर्चात आधीच बसलेल्या आहेत. यलो लाइन ही स्वतंत्र मार्गिका आहे. तिला स्वतःचा डेपो, स्वतःच्या चालकविरहित गाड्या, स्वतःची सिग्नल यंत्रणा लागली, आणि रागीगुड्ड ते सिल्क बोर्ड भागात एकाच खांबावर खाली रस्ता व वर मेट्रो असा दुमजली पूलही बांधावा लागला. स्थापत्य काम हा मेट्रोच्या बिलातला मोठा भाग खरा, पण गाड्या, सिग्नल, वीज, जमीन, कर, बांधकाम काळातलं व्याज आणि आकस्मिक खर्चाची तरतूद हे सगळं त्यात येतं. वर्तमानपत्रातल्या एका आकड्यात यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे कळल्याशिवाय दोन शहरांची तुलना करणं म्हणजे एकाचं घर आणि दुसऱ्याची फक्त स्वयंपाकखोली मोजण्यासारखं आहे.

कात्रजच्या टप्प्यालाही विस्ताराचा हा फायदा मिळतो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे, डेपो रेंज हिल्सला आहे. नवा डेपो नको; जादा गाड्या मात्र हव्यात. इतकं असूनही दर ५४० कोटी पडतो. भुयार किती महाग असतं ते यावरून समजावं.

मग पुलावरून का नेत नाहीत?

जागा आणि वळण. पुलाला रस्त्याच्या मध्ये खांब लागतात, स्थानकाला दोन्ही बाजूंना जिने आणि सरकते जिने लागतात. सातारा रस्त्यावर आधीच उड्डाणपूल आहेत. त्यांच्यावरून जायचं तर उंची वाढते, आणि वळणावर दोन्ही बाजूंच्या इमारती आड येतात. मार्केट यार्ड, बिबवेवाडी या भागात वस्ती दाट. तिथे घरं पाडण्यापेक्षा खाली जाणं सोपं, असा हिशेब असतो. जिथे रस्ता रुंद आहे, तिथे मात्र भुयाराचा हट्ट धरणं चूक. "आमच्या भागात पूल नको, दिसायला वाईट दिसतो" ही मागणी अनेक शहरांत होते. तिची किंमत किलोमीटरला तीनशे कोटींच्या आसपास आहे, एवढं मागणाऱ्याने लक्षात ठेवावं.

स्थानकं वाढवली की खर्च एवढा का वाढतो? बोगदा तर तोच आहे.

बोगदा यंत्राने पुढे सरकत जातो, जमिनीवर फारसं काही दिसत नाही. स्थानक मात्र वरून खणावं लागतं: कडेने भिंती उतरवायच्या, रस्त्यावर तात्पुरतं छत टाकून वाहतूक वळवायची, ड्रेनेज, पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या बाजूला घ्यायच्या, मग खाली तीन-चार मजल्यांएवढा खड्डा. हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा, आग विझवण्याची सोय, लिफ्ट, सरकते जिने वेगळेच. वर दिलेल्या आकड्यांवरून दोन स्थानकं आणि थोडी जादा लांबी मिळून ६८३ कोटी होतात.

आता दुसरी बाजू. साडेपाच किलोमीटरला तीन स्थानकं म्हणजे सरासरी पावणेदोन किलोमीटरचं अंतर. मधल्या माणसाला एक किलोमीटर चालत यावं लागतं, उन्हात, पदपथ नसलेल्या रस्त्याने. तो येत नाही, दुचाकी काढतो. पाच स्थानकं झाली की अंतर सव्वा किलोमीटरच्या आत येतं. आमच्या मते जादा स्थानकांचा निर्णय बरोबर होता. चूक एवढीच की तो पहिल्या आराखड्यात हवा होता.

तिकिटातून पैसे वसूल होतात का?

नाही. हिशेब स्वतः करून बघा. मंजुरीच्या वेळी या टप्प्यावर रोज ९५,००० प्रवासी धरले होते. प्रत्येकाकडून सरासरी २० रुपये मिळतात असं समजू. रोजचे १९ लाख, वर्षाचे साधारण ६९ कोटी. आता खर्चाच्या ६० टक्के, म्हणजे सुमारे १,७७० कोटी कर्ज आहे, परतफेड २५ वर्षांत आणि व्याज अवघं २ टक्के, असं धरा (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, करारातले नव्हेत). पहिल्या वर्षी मुद्दल ७१ कोटी, व्याज ३५ कोटी. एकूण १०६ कोटी. वीज, पगार, देखभाल अजून मोजलेलीच नाही.

या हिशेबात एक मोठी फट आहे आणि विरोधक ती सहसा सांगत नाहीत. कात्रजहून शिवाजीनगरला जाणारा माणूस नव्या साडेपाच किलोमीटरपुरता राहत नाही. तो जुन्या मार्गाचंही तिकीट काढतो. जुन्या मार्गावर गाड्या तशाही धावतात, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा खर्च जवळजवळ शून्य. म्हणून विस्ताराची कमाई फक्त विस्तारावर मोजली तर ती कमी दिसते. तरीही, हे सगळं धरूनसुद्धा भांडवल तिकिटातून परत येत नाही. जगातल्या बहुतेक मेट्रोंची हीच गत आहे. प्रश्न तोटा होतो का हा नाही. तोटा कोण भरतो आणि त्याच्या बदल्यात काय मिळतं, हा आहे.

सरकार तर म्हणतं, परतावा १४ टक्के. तो कुठून येतो?

२०१७ च्या मेट्रो धोरणानुसार केंद्राची मदत हवी असेल तर प्रकल्पाचा आर्थिक अंतर्गत परतावा १४ टक्के दाखवावा लागतो. हा पैशातला नफा नव्हे. वाचलेला वेळ, वाचलेलं इंधन, कमी झालेले अपघात, कमी प्रदूषण यांना रुपयांत मोजून काढलेला आकडा आहे.

सगळ्यात जास्त ताणला जातो तो वेळ. ९५,००० माणसांची रोज १५ मिनिटं वाचली तर वर्षाला साधारण ८७ लाख तास होतात. तासाची किंमत १०० रुपये धरली तर ८७ कोटी, १५० धरली तर १३० कोटी. एक आकडा बदलला आणि ४३ कोटींचा फरक पडला! वर, ती १५ मिनिटं कुठून कुठे मोजली हेही बघायला हवं. साडेपाच किलोमीटर मेट्रो दहाएक मिनिटांत जाते, पण घरापासून स्थानकापर्यंत चालणं, तपासणी, खोल फलाटापर्यंत उतरणं, गाडीची वाट बघणं हे धरलं की त्यात आणखी दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

प्रवाशांचे अंदाज खरे ठरतात का?

क्वचित. २०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने देशातल्या मेट्रो प्रकल्पांचा आढावा घेतला तेव्हा अनेक शहरांत प्रवासी अपेक्षेपेक्षा खूप कमी असल्याचं नोंदवलं. कारणं ठरलेली: स्थानकापर्यंत नेणारी बस नाही, मार्ग तुकड्यातुकड्याने उघडतो, आणि अंदाज बांधताना सगळं जाळं पूर्ण झालं असं गृहीत धरलेलं असतं.

काम चालू असताना काय बिघडतं?

जमीन. पुण्याखाली कठीण काळा बेसाल्ट आहे. यंत्राला तो झिजवतो, पण निदान सारखा असतो. बेंगळुरूखाली ग्रॅनाइटचे मोठे गोटे आणि त्यांच्यामधे कुजलेला मऊ खडक अशी भेसळ आहे. यंत्राच्या तोंडाशी अर्धा भाग दगड आणि अर्धा भाग माती आली की दगड फुटत नाही आणि माती मात्र जास्त निघते. वर पोकळी तयार होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथे ब्रिगेड रोड भागात बोगद्याच्या मार्गावर रस्ता खचून खड्डा पडला होता. म्हणून कामाआधी जमीन तपासायला पाडलेल्या भूछिद्रांची संख्या महत्त्वाची: त्यात वाचवलेले पैसे पुढे दहापटीने जातात.

गाड्या. हा विनोद वाटेल, पण यलो लाइनचं बांधकाम झालं तरी गाड्याच वेळेवर आल्या नाहीत. १० ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झालं तेव्हा फक्त तीन गाड्या होत्या आणि दर २५ मिनिटांनी एक सुटत होती. सात हजार कोटी खर्चून २५ मिनिटं वाट बघायची!

बेंगळुरूच्या मेट्रोला आमच्या खिशातून पैसे जातात का?

जातात. भारतातल्या बहुतेक मेट्रोंत केंद्राचा वाटा साधारण २० टक्के, राज्याचा त्याहून थोडा जास्त, उरलेलं कर्ज. बेंगळुरू मेट्रोच्या राज्य वाट्यात चिकोडीच्या ऊसवाल्याने भरलेला डिझेलवरचा करही आहे आणि खडे बाजारातल्या दुकानदाराचा जीएसटीही. कंपनीला रोख तोटा झाला तर राज्यालाच उभं राहावं लागतं. पुण्याच्या मेट्रोला मात्र आपण फक्त केंद्राच्या वाट्यातून देतो. गंमत अशी की सीमाभागातला माणूस जास्त करून पुण्याला जातो आणि पैसे जास्त बेंगळुरूला देतो.

तिकिटाचंही बघा. ९ फेब्रुवारी २०२५ पासून बेंगळुरूत कमाल भाडं ६० वरून ९० रुपये झालं. त्याच राज्यात जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे, मेट्रोत नाही. खालच्या रस्त्यावर फुकट बस आणि वर नव्वद रुपयांची मेट्रो. महिला प्रवासी कुठे जाणार, हे सांगायला अभ्यासगट नको.

बेळगाव शहरात मेट्रो का नाही?

कारण गरज नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती. आता वाढली असेल, पण मेट्रोला लागते ती गर्दी एका दिशेने, एका तासात, एका रस्त्यावर. हलकी मेट्रोलाइट तासाला एका दिशेने १५,००० पर्यंतच्या आणि रबरी चाकांची मेट्रो निओ ८,००० पर्यंतच्या गर्दीसाठी सुचवलेली आहे. दर मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये ६५ माणसं धरली तरी तासाला ३,९०० होतात. सीबीटीहून, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून, गर्दीच्या वेळेतसुद्धा कुठल्याही एका मार्गावर मिनिटाला बस नाही. आधी ते करून बघावं.

हुबळी–धारवाडची बीआरटीएस (स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा), सुमारे २२ किलोमीटर, हजार कोटींच्या आसपास, आपल्या शेजारीच आहे. जाऊन बसून या. वेग चांगला आहे. पण स्वतंत्र मार्गिकेमुळे बाजूच्या वाहनांना उरलेली जागा आणि रस्ता ओलांडण्याची अडचण हाही अनुभव घ्या.

बेळगावसाठी आम्हाला पटणारा पर्याय लोहमार्गाचाच आहे, पण जुन्या. खानापूर, इदलहोंड, देसूर, बेळगाव, सांबरा, सुळेभावी, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा ही स्थानकं आहेतच. लोंढा–मिरज मार्गाच्या दुहेरीकरणामुळे क्रॉसिंगसाठी थांबण्याचं जुनं दुखणं कमी होतं. सकाळी कॉलेज-कचेरीच्या वेळी दोन आणि संध्याकाळी दोन मेमू (विजेवरच्या लोकलसारख्या गाडीच्या) फेऱ्या, देसूर-सांबऱ्याला जोडबस. बोगदा नको, भूसंपादन नको.

बेळगाव–कित्तूर–धारवाड रेल्वेमार्ग याच मापाने मोजला तर?

लोंढ्यावरून धारवाडला जाताना सुमारे १२० किलोमीटर पडतात. नवा मार्ग ७३ किलोमीटरचा. दिवंगत सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना त्याला गती मिळाली. मंजुरीच्या वेळचा अंदाज सुमारे ९२७ कोटी, जमीन राज्याने द्यायची आणि निम्मा खर्चही राज्याचा. किलोमीटरला १२.७ कोटी. म्हणजे कात्रजच्या एक किलोमीटर भुयाराच्या पैशांत, त्या वेळच्या दराने, असे बेचाळीसेक किलोमीटर झाले असते.

यावरून "बघा, आपल्यावर अन्याय" असं लगेच म्हणू नये. कात्रजच्या साडेपाच किलोमीटरवर रोज लाखभर माणूस अपेक्षित आहे. कित्तूरच्या मार्गावर तेवढा येणार नाही. माणशी खर्च काढला तर अंतर बरंच कमी होतं. पण या मार्गाला मालवाहतूकही आहे, आणि भुयारी मेट्रोला ती नाही. अन्याय दिसतो तो वेगात: राजधानीतल्या मार्गिकेला जमीन आणि निधी मिळत राहतो, इथला प्रकल्प एकाच टेबलावर वर्षानुवर्षं पडून राहतो.

मग शेतकरी विरोध का करतात?

देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी भागातली जमीन पिकाऊ आहे, आणि विरोध रेल्वेला नाही, आखणीला आहे. हलगा–मच्छे बायपासच्या वेळीही हेच झालं. २०१३ च्या कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुपटीपर्यंत गुणक आणि त्यावर शंभर टक्के सांत्वना रक्कम मिळते. घोळ बाजारभावात आहे. तो नोंदलेल्या खरेदीखतांवरून ठरतो, आणि आपल्याकडे खतात रक्कम कमी दाखवायची सवय जुनी. भुयारी मेट्रोत हा प्रश्न लहान असतो. तिथे जमीन लागते ती स्थानकांच्या तोंडाशी आणि हवेच्या झरोक्यांपुरती. भुयार महाग असतं, पण त्यातला काही भाग ही न घेतलेल्या जमिनीची किंमत असते.

आज बेळगावहून जाणाऱ्याने मेट्रो कशी वापरावी?

बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं असेल तर मॅजेस्टिकपर्यंत, म्हणजे मुख्य स्टेशनपर्यंत, बसून राहू नका. यशवंतपूरला उतरून ग्रीन लाइन धरा, आर. व्ही. रोडला बदला, तिथून यलो लाइन. व्हाइटफील्डला जायचं तर मुख्य स्टेशनवर उतरून पर्पल लाइन. तिथल्या मेट्रो स्थानकाला आपल्या बैलहोंगल तालुक्यातल्या संगोळ्ळी रायण्णांचं नाव आहे, चुकायचं कारण नाही. पुण्यात कात्रजची मेट्रो होईपर्यंत बस स्वारगेटपर्यंत जाते का हे तिकीट काढतानाच विचारा; स्वारगेटहून पिंपरीपर्यंत मेट्रो थेट आहे.

खरे आकडे मागायचे कसे?

सविस्तर प्रकल्प अहवाल मागा, आणि त्यातली चारच प्रकरणं: पर्यायांची तुलना, गर्दीच्या तासाचा एका दिशेचा अंदाज, वार्षिक चालवण्याचा खर्च आणि "अंदाज २० टक्क्यांनी चुकला तर" हे कोष्टक. शेवटचं सहसा परिशिष्टात लपलेलं असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज कर्नाटकात १० रुपयांचा, एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. विषय दोन असतील तर अर्ज दोन करा, नाहीतर तेवढ्यावर परत येतो. भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. त्यामुळे बेळगावच्या कचेरीत मराठी अर्ज अडू शकतो, कन्नड किंवा इंग्रजीत द्या. पुण्याच्या मेट्रोसाठी मराठी चालतं. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. पोचपावतीवरची तारीख नीट दिसेल अशी झेरॉक्स काढून ठेवा, अपील बहुतेक वेळा त्याच कागदावर अडतं.